कारोशी आणि महिनाअखेरचे 44 तास 50 मिनिटं

मुक्कामपोस्ट (धागाकर्ती)

नोव्हेंबर लागला की इथे जपानमध्ये आमच्या स्टेशनच्या जिन्यात एक पोस्टर लागतं. डावीकडे फ्लूच्या लशीची जाहिरात, उजवीकडे वर्षअखेरच्या पार्ट्यांसाठी इझाकायाची (इथला खाण्यापिण्याचा बार) सवलत, आणि मधे हे: कारोशी टाळूया. 2014 साली इथे कारोशी प्रतिबंधाचा कायदा झाला, त्यात नोव्हेंबर महिनाच या कामासाठी नेमून दिलाय. आपल्याकडे रस्ता सुरक्षा सप्ताह असतो ना, तसंच. रात्री अकराची गाडी पकडायला लोक त्या पोस्टरसमोरून पळत जातात.

का म्हणजे अति, रो म्हणजे श्रम, शि म्हणजे मृत्यू. 1970 च्या दशकाच्या शेवटी डॉक्टरांनी हा शब्द वापरायला सुरुवात केली. 1988 मध्ये वकिलांनी 'कारोशी 110' नावाची फोनसेवा काढली (110 हा इथला पोलिसांचा नंबर), तेव्हा तो घरोघरी पोचला. फोन करणाऱ्यांत नवरा गेलेल्या बायका खूप होत्या.

हे सगळं नेटवर सापडेल. धागा काढायचं कारण वेगळं आहे.

मी कावासाकीत राहते, अकरा वर्षं झाली. काम ब्रिज एसईचं (एसई म्हणजे सिस्टिम इंजिनियर). म्हणजे जपानी गिऱ्हाईक आणि पुण्यातली टीम यांच्यामधला पूल. दोन्हीकडची माणसं पुलावरून चालतात एवढं सांगितलं तरी पुरे.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी संध्याकाळी आमच्या मजल्यावर सगळे गप्प होतात. सगळे 'किन्ताइ' भरत असतात, म्हणजे हजेरीचा तक्ता. कितीला आलो, कितीला गेलो, जादा तास किती. माझ्या शेजारी बसणारा सेम्पाइ (वरिष्ठ, पंचेचाळिशीचा, अत्यंत सज्जन) बेरीज बघायचा, मग मागे जाऊन एकेका दिवसाची पंधरा-वीस मिनिटं कापत यायचा. शिंप्याने शर्टाची बाही आत घ्यावी तसा. आकडा 44:50 वर आला की 'सादर करा'चं बटण दाबायचा. कारण 45 च्या वर गेलं की साहेबाला खुलासा द्यावा लागतो, साहेबाला त्याच्या साहेबाला. कामगार कायद्याच्या 36 व्या कलमाखाली कंपनी आणि कर्मचारी करार करतात (सगळे त्याला 'साबुरोकु' म्हणतात, तीन-सहा), त्याची नेहमीची मर्यादा महिन्याला 45 आणि वर्षाला 360 जादा तास. 'खास कारण' दाखवून महिन्याला शंभराच्या आतपर्यंत जाता येतं.

2019 पासून कंपनीला तासांची नोंद वस्तुनिष्ठ ठेवावी लागते. त्यामुळे आमची प्रणाली किन्ताइची वेळ आणि संगणक बंद केल्याची वेळ ताडून बघते. फरक दिसला की तांबडी चौकट येते: 'तफावतीचं कारण निवडा'. खाली यादी. त्यात सगळ्यात लोकप्रिय पर्याय, 'जिको केन्सान'. स्वतःला घासूनपुसून तयार करणं. मराठीत स्वाध्याय म्हणावं लागेल. म्हणजे रात्री साडेअकराला तो माणूस गिऱ्हाइकाच्या सर्व्हरवर नव्हता, स्वाध्याय करत होता.

कोणीही कोणालाही 'तास कमी लिही' असं सांगत नाही. अकरा वर्षांत मी हे वाक्य एकदाही ऐकलेलं नाही.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत सेम्पाइच्या मेंदूत रक्तस्राव झाला. वाचला. उजवा हात गेला, बोलताना शब्द सापडत नाहीत. बायकोने 'रोसाइ'साठी (कामामुळे झालेल्या इजेची सरकारी भरपाई) अर्ज करायचं ठरवलं आणि कंपनीकडून सहा महिन्यांची किन्ताइ मागवली. 44:50, 44:40, 43:55, 44:50, 44:35, 44:50. सगळं त्याच्याच हातचं.

त्या माझ्याकडे आल्या. स्टेशनजवळच्या कॅफेत बसलो. त्यांनी पिशवीतून वही काढली आणि विचारलं, तुमच्याकडे त्यांचे मेसेज आहेत का? होते. रात्री 11:52, 12:20, 10:47. मी दोन रविवार बसून सगळे तारीखवार उतरवून दिले. उतरवताना लक्षात आलं की निम्म्याहून जास्त मेसेज पुण्याच्या कॉलनंतरचे आहेत. पुण्याचे संध्याकाळचे साडेसहा म्हणजे इथले रात्रीचे दहा.

निकाल अजून यायचाय. कारोशीवर लिहिलं जातं ते बहुतेक 'जपानी माणूस फार कष्टाळू' याच सुरात. मला आतून जे दिसतं ते इतकंच, की माणूस तासांनी मरतो, आणि ते तास कुठे लिहिलेलेच नसतात. तुमचे अनुभव लिहा.

चकलीचा_सोऱ्या

वाचतेय. 'स्वाध्याय' वाचून अंगावर काटा आला.

तांबडा_पांढरा

लेख चांगला आहे पण थोडी काडी टाकतो. हाच देश 1945 साली बेचिराख होता. वीस वर्षांत उभा राहिला तो आठ तास काम करून नव्हे. 2023 मध्ये नारायण मूर्ती म्हणाले आठवड्याला 70 तास काम करा, तेव्हा त्यांनी दाखला जर्मनी-जपानचाच दिला होता. सगळे त्यांच्यावर तुटून पडले. आपल्याकडे चार वाजता बॅग भरणारी मंडळी कमी आहेत का? किंमत मोजल्याशिवाय काही मिळत नाही. इथे वैयक्तिक दुःखाबद्दल सहानुभूती आहेच.

मुक्कामपोस्ट

तांबडा_पांढरा, काडी टाकलीच आहे तर सालं बघू.

युद्धानंतरची भरभराट साधारण 1955 ते 1973. लोक राबत होते हे खरंच. पण त्याच काळात 1955 पासून दर वसंतात 'शुन्तो' व्हायचा, सगळ्या युनियन एकत्र येऊन पगारवाढ मागायच्या, आणि पगार खरोखर वाढायचे. राबण्याचा मोबदला हातात पडत होता. कारोशी हा शब्द त्या भरभराटीचा नाही. 1973 चं तेलसंकट आलं, कंपन्यांनी नवी माणसं घेणं आवरतं घेतलं, तेव्हाचा आहे.

इथली मेख अशी. जपानमध्ये कायम नोकराला काढणं फार अवघड. 1970 च्या दशकात न्यायालयांनी ते आणखी अवघड केलं. मग कंपनी काय करते? तेजीत माणसं वाढवत नाही, आहेत त्यांचेच तास वाढवते. मंदीत तास कमी होतात, नोकरी टिकते. जादा तास हा गादीतला कापूस आहे, हवा तेव्हा दाबायचा. 1990 नंतर जमिनी-शेअरच्या भावांचा फुगा फुटला, कायम माणसं आणखी घटली आणि कापूस दाबलेलाच राहिला.

'24 तास लढू शकता का?' ही एका एनर्जी ड्रिंकची जाहिरात 1989 च्या सुमारास देशभर गाजत होती. कारोशीची फोनसेवा सुरू होऊन तेव्हा वर्षच झालं होतं.

आणि चार वाजता बॅग भरणाऱ्यांबद्दल: सरासरी काढली तर जपानी कामगार वर्षाला साधारण 1600 तास भरतो, अमेरिकेतल्यापेक्षा कमी. अर्धवेळ कामं करणारे, त्यातही बायका, इतक्या आहेत की सरासरी खाली येते. सेम्पाइ त्या सरासरीत कुठेच दिसत नाही.

कोपरखळी

अवांतर: 'इनेमुरी' बद्दल लिहा ना. मीटिंगमध्ये झोपलं तरी चालतं म्हणे, कष्टाने थकलाय असं समजतात. मला ताबडतोब जपानला पाठवा.

निशिकासाईची_काकू

कोपरखळी, चालतं, पण पदावर अवलंबून आहे बरं. खात्याचा प्रमुख डोळे मिटून बसला तर चिंतन. नव्याने आलेला पोरगा डुलला तर डुलकी.

मी 2003 मध्ये लग्न करून इथे आले. ह्यांची कंपनी पूर्ण जपानी, अख्ख्या मजल्यावर हे एकटे भारतीय. मला भाषा येत नव्हती, पण दोन वाक्यं ह्यांच्या फोनवरून पाठ झाली. एक 'ओत्सुकारेसामा देस'. शब्दशः बघाल तर 'आपण दमलात'. ऑफिसात नमस्काराच्या जागी हेच म्हणतात, सकाळी साडेनऊलासुद्धा. दुसरं, निघताना म्हणायचं 'ओसाकी नि शित्सुरेइ शिमास': तुमच्या आधी निघतोय, हा उद्धटपणा माफ करा. घरी जायची माफी मागायची! आपल्याकडे 'येतो हं' म्हणतात, तर इथे हे.

एकदा पहाटे तीनच्या सुमारास उठले तर हे गेन्कानमध्ये, दाराच्या आतल्या पायरीवर, बसल्याबसल्या झोपलेले. एक बूट काढलेला, दुसऱ्याची नाडी हातात. टायची गाठ तशीच. पायरीवर डबा, सकाळी दिलेला, उघडलेलासुद्धा नव्हता. पोळीभाजी होती, वांग्याची. मी तो डबा बराच वेळ तशीच धरून उभी राहिले. उठवलं तर म्हणाले, शेवटची गाडी चुकली, तीन स्टेशनं चालत आलो.

2009 मध्ये कंपनी बदलली. पगार कमी झाला. तेव्हा मला थोडं वाईटही वाटलं होतं, खोटं कशाला बोलू.

डॉ_खडीसाखर

धागाकर्तीने 45 चा आकडा सांगितला. दुसरा आकडा 80 आहे, त्याला तिकडे 'कारोशी रेषा' म्हणतात. आजारपणाच्या आधीच्या महिन्यात 100 जादा तास, किंवा आधीच्या दोन ते सहा महिन्यांत सरासरी 80, तर हृदयविकार किंवा पक्षाघाताचा कामाशी संबंध दाट मानला जातो. हा निकष 2001 चा. 2021 मध्ये त्यात भर घातली, की तास थोडे कमी पडले तरी अनियमित पाळ्या, दोन पाळ्यांमधली अपुरी विश्रांती असल्या गोष्टी जोडीने बघाव्यात.

80 आला कुठून, तर झोपेतून. दिवसाचे 24 तास. आठ काम, एक मधली सुट्टी, प्रवास-जेवण-अंघोळ मिळून पाचेक. महिन्याला 80 म्हणजे कामाच्या दिवशी चार जादा. उरले सहा. 100 ला पाच. झोप पाच-सहा तासांवर आली आणि महिनोन्महिने तिथेच राहिली, की रक्तदाब रात्री जसा उतरायला हवा तसा उतरत नाही. जपानच्या निकषाला मी मानतो ते यासाठी की त्यांनी मनोबल, निष्ठा वगैरे मोजलं नाही, उशीवरचे तास मोजले.

2021 मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांचा अभ्यास आला. आठवड्याला 55 किंवा जास्त तास काम करणाऱ्यांना 35-40 तासवाल्यांच्या तुलनेत पक्षाघाताचा धोका साधारण 35 टक्के जास्त, हृदयविकाराने मरण्याचा 17 टक्के जास्त. 2016 या एका वर्षात जगभरात अशा मृत्यूंचा अंदाज 7 लाख 45 हजार.

'स्वाध्याया'वरून: 2022 मध्ये कोबेच्या एका रुग्णालयातल्या 26 वर्षांच्या शिकाऊ डॉक्टरने आत्महत्या केली. आधीच्या महिन्यात 207 जादा तास निघाले. तिथेही वाद याच शब्दावर आला, यातलं काम किती आणि जिको केन्सान किती. मी निवासी डॉक्टर असताना 36 तासांची ड्युटी करून ऑपरेशन टेबलावर रिट्रॅक्टर धरून उभ्याउभ्या झोपलो होतो, सरांनी कोपराने ढोसलं. आम्ही त्याला 'शिकणं' म्हणायचो. अजूनही म्हणतात.

तांबडा_पांढरा

डॉक्टर, आकड्यांबद्दल धन्यवाद. 55 आणि 70 मधलं अंतर लक्षात आलं. बाकी मतावर विचार करतो.

चाकण_ते_चिंचवड

मी जपानी मालकीच्या कारखान्यात आहे, नाव नको. आमच्याकडे क्वालिटी सर्कल (काम सुधारण्यासाठी कामगारांच्या गटाची बैठक) शिफ्ट सुटल्यावर असतं. पेपर, पोस्टर, प्रेझेंटेशन, सगळं पंच आउट केल्यावर. बक्षीस म्हणून टिफिन मिळाला होता दोन वर्षांपूर्वी. हे कामात धरायचं का?

मुक्कामपोस्ट

तुमचा हाच प्रश्न नागोयाच्या न्यायालयासमोर आला होता. टोयोटाच्या कारखान्यात 2002 च्या फेब्रुवारीत तपासणी विभागातला 30 वर्षांचा माणूस पहाटे चारच्या सुमारास, पाळी संपल्यावरही कागद पुरे करत असताना कोसळला. मागे बायको आणि दोन लहान मुलं. कामगार कचेरीने क्वालिटी सर्कल, सूचनापेटीचं काम, हे 'स्वेच्छेचं' म्हणून धरलं नाही आणि दावा फेटाळला. बायको लढली. 2007 च्या नोव्हेंबरमध्ये न्यायालय म्हणालं, यातून कंपनीचा फायदा होतो, पगारावर परिणाम होतो, म्हणजे हे कामच. शेवटच्या महिन्याचे जादा तास 106 च्या वर गेले. कचेरीने धरलेले याच्या निम्मेही नव्हते.

माणूस तोच, तास तेच. फक्त मोजणारा बदलला.

निवृत्त_सरकारी

कामगार खात्यात 31 वर्षं काढली, म्हणून दोन शब्द. आपल्याकडे कामावर अपघात झाला तर नोव्हेंबर 2025 पर्यंत तो 1923 च्या भरपाई कायद्यात यायचा. कामावर हृदयविकार आला तर वकील लावा, 'कामाच्या ओघात आणि कामातून' हे सिद्ध करत बसा. इतके तास झाले म्हणजे संबंध दाट, अशी रेषा आपल्या कायद्यात नाही.

जुलै 2024 मध्ये पुण्यात 26 वर्षांची एक सीए मुलगी नोकरीला लागून चार महिन्यांत गेली. आईने कंपनीच्या प्रमुखाला लिहिलेलं पत्र सप्टेंबरात सगळ्यांनी वाचलं. चौकशा जाहीर झाल्या. मला त्यात पहिला प्रश्न हाच पडला होता: तिच्या तासांची नोंद कुठल्या रजिस्टरला आहे? नाही म्हणू नका, रजिस्टर असतंच. त्यात 10 ते 6 असतं. आम्ही तपासणीला जायचो तेव्हा तीन महिन्यांची सही एकाच पेनने, एकाच शाईत. विचारलं की चहा यायचा.

सप्टेंबर 2025 मध्ये आपल्या राज्याच्या मंत्रिमंडळाने कारखान्यातली दिवसाची मर्यादा 9 वरून 12 तास करायला मंजुरी दिली, दुकानं-आस्थापनांत 9 वरून 10. जादा तास कामगाराच्या लेखी संमतीने, असं आहे. लेखी संमती कशी घेतात ते मी 31 वर्षं पाहिलंय.

बावधन_बॅकलॉग

इथे लिहावं की नाही ठरत नव्हतं. मी अशाच एका पुण्यातल्या टीमचा लीड होतो, जपानी क्लायंट. आमचा साडेसहाचा कॉल. तो आम्हीच ठरवला होता, कारण दुपारी आमचं दुसऱ्या प्रोजेक्टचं काम असायचं. तिकडचे लोक 'दाइजोबु, दाइजोबु' म्हणायचे. हरकत नाही. आम्ही आपसांत म्हणायचो, जपान्यांना उशिरापर्यंत बसायला आवडतंच. साडेतीन तासांचा फरक आहे हे कॅलेंडरमध्ये रोज दिसायचं. आम्ही दुपारी तीनला कॉल ठेवू शकलो असतो.

मुक्कामपोस्ट

बावधन, कॉल मीच स्वीकारायचे. 'दाइजोबु' माझ्याच तोंडून भाषांतर होऊन जायचं, 'नो प्रॉब्लेम, दे आर फाइन' असं. तुम्हाला एकट्याला कशाला धरू.

मिसरूड

मी 24 चा, क्योतोत शिकतोय, एप्रिलमध्ये नोकरीला लागणार. माझ्या वर्गातली जपानी मुलं मुलाखतीला जाण्याआधी कंपनी 'ब्लॅक' आहे का ते शोधतात, 'बुराक्कु किग्यो' म्हणतात. राजीनामा द्यायची हिंमत होत नसेल तर तुमच्या वतीने फोन करून राजीनामा देणाऱ्या एजन्स्या आहेत, वीस-तीस हजार येन घेतात. माझ्या एका मित्राने दिला. सकाळी एजन्सीने फोन केला, तो तोपर्यंत गाढ झोपला होता. म्हणजे काळ बदलतोय असं नाही का वाटत?

निशिकासाईची_काकू

बदलतोय रे बाळा, पण राजीनामा द्यायला भाड्याचा माणूस लागतो यातच काय ते समज. एप्रिलसाठी शुभेच्छा. सुट्ट्या घे. 2019 पासून वर्षाला किमान पाच दिवस रजा द्यायलाच लागते, तेवढ्या तरी सोडू नकोस.

कोपरखळी

2025 च्या ऑक्टोबरात ताकाइची बाई जपानच्या सत्ताधारी पक्षाच्या अध्यक्ष झाल्या, त्या दिवशी म्हणाल्या की काम आणि जीवन यांचा समतोल हा शब्दच मी टाकून देते, काम करीन, काम करीन, काम करीन, काम करीन आणि काम करीन. पाच वेळा, मोजलं मी. कारोशीत घरचं माणूस गमावलेल्यांना कसं वाटलं असेल? आता यात गंमत नाहीये माझी.

मुक्कामपोस्ट

कारोशीग्रस्त कुटुंबांच्या वकिलांनी निषेध केलाच. सेम्पाइच्या बायकोने त्या दिवशी टीव्ही बंद केला म्हणाल्या.

मिसरूड, काळाबद्दल. देन्त्सु ही इथली सगळ्यात मोठी जाहिरात कंपनी. 1991 मध्ये तिथला 24 वर्षांचा मुलगा आत्महत्या करून गेला. आईवडील सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. मार्च 2000 मध्ये निकाल लागला की कंपनी जबाबदार. पुढे 16 कोटी 80 लाख येनांवर तडजोड झाली. कारोशीच्या कायद्यातला मैलाचा दगड वगैरे. मग 2015 च्या नाताळच्या दिवशी त्याच कंपनीतली, पुन्हा 24 वर्षांचीच, तोक्यो विद्यापीठातून पास होऊन एप्रिलमध्ये लागलेली मुलगी गेली. तिचं नाव सगळ्या जपानला माहीत आहे, इथे नको.

तिच्या कंपनीतल्या कराराची मर्यादा होती महिना 70 जादा तास. ऑक्टोबरात तिने स्वतः भरलेले तास 69.9. नोव्हेंबरात 69.5. कामगार कचेरीने हिशेब मांडला तेव्हा एका महिन्याचे साधारण 105 निघाले. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा सेम्पाइ शेजारीच बसला होता, 44:50 करत. 69.9 आणि 44:50 यांत मला फरक दिसत नाही.

कंपनीला 2017 मध्ये दंड झाला पाच लाख येन. तेव्हाचे जेमतेम तीन लाख रुपये. अध्यक्षांनी पद सोडलं. 1951 पासून चालत आलेले दहा नियम त्यांच्या डायरीत छापायचे, त्यातला एक असा होता की काम हाती घेतलं की सोडू नका, मारून टाकलं तरी सोडू नका. ते दहाही डायरीतून काढले. रात्री दहाला दिवे बंद करू लागले.

आकडेवारी 2024-25 ची. कामाच्या ताणाने मानसिक आजार झाल्याचं मान्य झालेली प्रकरणं 1,055, पहिल्यांदाच हजाराच्या वर. कारणांत सगळ्यात वर जादा तास नाहीत, वरिष्ठांकडून होणारी छळवणूक आहे, 'पावाहारा'. हृदय आणि मेंदूची 241, त्यांतले 67 मृत्यू. ही फक्त मान्य झालेली. आमची फाइल अजून यात नाही.

गोदाकाठ

नमस्कार. पहिल्यांदाच लिहितेय. माझा धाकटा भाऊ नागोयाजवळ आहे, मशिनच्या भागांची छोटी कंपनी, तीस-बत्तीस माणसं. दीड वर्ष झालं. आईला फोनवर सांगतो छान चाललंय. मला मात्र दिवाळीत म्हणाला, ताई, मला आजकाल गाडीत बसल्यावर उतरायचं स्टेशन आठवत नाही. हा धागा वाचून पोटात गोळा आला. मुक्कामपोस्ट ताई, त्याने काय करायला हवं?

मुक्कामपोस्ट

गोदाकाठ, आधी डॉक्टर. आजच्या आज. कंपनीचा नव्हे, बाहेरचा, आणि जे तुम्हाला सांगितलं तेच शब्द त्याने तिथे सांगायचे.

मग नोंदी. साधी वही घ्यायची, रोज हाताने लिहायचं: आलो, गेलो, काय केलं, जेवलो का, झोपलो कधी. हाताने लिहिलेली वही पुरावा म्हणून धरतात, रोजच्या रोज लिहिली असेल तर जास्तच. निघताना स्वतःलाच एक मेल टाकायची, वेळ आपोआप पडते. त्याच्या ट्रेनच्या कार्डाचा इतिहास स्टेशनच्या मशिनवर छापून मिळतो, पण ठरावीक नोंदींपुरताच, जुन्या पुसल्या जातात, म्हणून महिन्याच्या महिन्याला छापून ठेवायचा. किन्ताइ भरल्यावर तिचा फोटो. आणि कोणी सांगितलं म्हणून कमी तास भरायचे नाहीत. कोणी सांगितलं नाही म्हणूनही नाही.

प्रत्येक भागात कामगार निरीक्षण कचेरी असते, 'रोदो किजुन कान्तोकुशो'. सल्ला फुकट, नाव न देता विचारता येतं, परदेशी कामगारांसाठी इंग्रजीतही फोनसेवा आहे. परदेशी म्हणून कायदा वेगळा नाही. गिफुमधल्या एका 27 वर्षांच्या फिलिपिनो प्रशिक्षणार्थीचा 2014 मधला मृत्यू कारोशी म्हणून मान्य झालेला आहे.

व्हिसाची भीती घालतील. नोकरी सुटली म्हणून दुसऱ्या दिवशी कोणी देशाबाहेर काढत नाही, दुसरी शोधायला वेळ मिळतो. मला व्यक्तिगत निरोप करा, नागोयात माझ्या ओळखीचे दोघे आहेत, त्यांतली एक जाऊन भेटेल त्याला.

डॉ_खडीसाखर

गोदाकाठ, त्याला विचारा डोकेदुखी, छातीत दडपण, जिना चढताना धाप, यातलं काही आहे का. आणि झोप किती ते 'ठीक' असं नको, तासांत विचारा. जगणंच नको वाटतं असं काही बोलला तर वाट बघू नका, त्या रात्री त्याच्याजवळ कोणीतरी असायला हवं.

निशिकासाईची_काकू

मलाही निरोप कर गं. तोक्योला आला तर घरी जेवायला पाठव.

गोदाकाठ

सगळ्यांचे आभार. सगळं उतरवून घेतलंय. आत्ता लगेच फोन लावला त्याला. 'ताई, मीटिंगमध्ये आहे, नंतर करतो' म्हणाला. आमच्याकडे सव्वासात वाजलेत. म्हणजे तिथे पावणेअकरा.

मुक्कामपोस्ट

निरोप मिळाला. नागोयातल्या मैत्रिणीला पत्ता पाठवलाय, उद्या शनिवार आहे, ती सकाळीच निघते. तो शनिवारी घरी असतो ना?